कपाटातलं बारसं

१

मेधाच्या घरात सकाळची हाक ठरलेली होती. डबा भरला, पावावर चॉकलेटचा भुगा शिंपडला, की ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची आणि वर बघून ओरडायची, "आर्याऽऽ!" मग वरून उत्तर यायचं, "या, मामा!"

तिथल्या डच भाषेत 'या' म्हणजे हो आणि मामा म्हणजे आई. मेधाच्या सासूबाई, उत्तराबाई, पुण्याहून युट्रेख्टला पहिल्यांदा आल्या तेव्हा हे ऐकून हसून हसून बेजार झाल्या. "बघा बाई, मी हिला बोलावते आणि हीच मला 'या' म्हणते! आणि आईला मामा. मग मामा आला की त्याला काय आत्या म्हणणार?"

पोरीला मराठी सगळं कळे. आजीचे टोमणेही कळत. पण मराठी शब्द तोंडातून काढायचा म्हणजे तिला जणू एरंडेल प्यायचं. सात वर्षांची झाली, तरी डच नाहीतर इंग्रजी, तिसरं काही नाही.

जूनचा महिना होता. तिकडे जूनमध्ये सूर्य पहाटेच उगवून बसतो, घरभर ऊन, लपायला कुठे सावली नाही. अशा लख्ख सकाळी मेधाने हाक मारली आणि वरून काही आलं नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही. चिडून वर गेली, तर आर्या पलंगाच्या कडेला बसलेली. कपडे घातलेले, केस स्वतःच विंचरलेले, पाठ ताठ आणि दोन्ही हात मांडीवर.

"आर्या, कान कुठे आहेत तुझे?"

पोरीने आईकडे पाहिलं. त्या बघण्यात हट्ट नव्हता, रुसवाही नव्हता. रस्त्यात कुणी दुसऱ्याच माणसाला हाक मारली की आपण वळून जसं पाहतो, तसं तिने पाहिलं.

दोघी खाली आल्या. अंबरीश, मेधाचा नवरा, गाडी पकडायला केव्हाच गेलेला. यंदाही आलेल्या सासूबाई आंघोळीला. मेधा डब्याचं झाकण लावत होती. घरात आवाज म्हणाल तर फक्त नळाचा. आणि टेबलापाशी उभ्या आर्याने मागच्या दाराकडे मान वळवली आणि म्हटलं,

"ओ."

चांगलं स्वच्छ, लांबवून. परसात काम करणाऱ्या मुलीने आतून हाक आल्यावर द्यावी तशी ओ.

मेधाला आधी आनंदच झाला. अगं बाई, मराठी! मग तिच्या लक्षात आलं, की हाक कुणीच मारली नव्हती.

२

आठवडाभर तेच. 'आर्या' म्हटलं की पोर ढिम्म, आणि घर गप्प असलं की मधूनच 'ओ.'

मेधा शिकलेली बाई, इतिहासात पीएचडी केलेली. तिने शिकलेल्या माणसासारखंच केलं, डॉक्टरकडे नेलं. तिकडची डॉक्टरीणबाई म्हणजे ताप असो, पडसं असो, पॅरासिटॅमॉल घ्या आणि घरी जा. पण तिने कान नीट पाहिले. मशीन लावलं, मागे उभी राहून कुजबुजली. "हिला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं," ती म्हणाली. "कशाला उत्तर द्यायचं ते ती निवडते आहे. घरात काही बदललंय का?"

मेधाच्या मनात पटकन आलं, सासूबाई आल्यात. मनात आलं आणि तिथेच घर करून बसलं.

शाळेतल्या बाईंनी तिला दाराशी थांबवलं. "आर्या हल्ली सायकलवर बसत नाही," त्या म्हणाल्या. तिकडे मूल चालायच्या आधी सायकल शिकतं म्हटलं तरी चालेल, त्यामुळे त्यांच्या लेखी ही मोठीच गोष्ट. "काल वर्ग बागेत गेला. बाकीची मुलं सायकलींवर. आर्या वर्गातल्या फेन्नाच्या सायकलमागे धावत होती. मी म्हटलं, बस की तुझ्या सायकलवर. ती थांबली, मान खाली घातली, आणि फेन्ना निघाल्यावर पुन्हा मागे धावायला लागली. सगळ्या वाटेने. दमलीसुद्धा नाही."

घरी अंबरीश म्हणाला, "तू काम घरी आणतेस, त्याचा हा परिणाम."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मेधाचं कामच तसं. शहराच्या नगरपालिकेने आपल्या पूर्वजांच्या गुलामगिरीचा हिशोब उघड करायचं ठरवलेलं. कुठल्या घराण्याने माणसं विकत घेतली, कुणाला गलबतात घालून आणलं, कोणत्या घरात राबवलं, सगळं शोधायचं आणि मग चारचौघांत माफी मागायची. कालव्यावरचं एक व्यापाऱ्याचं जुनं घर पालिकेने त्यासाठी घेतलं होतं. तिथे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी एक लहान मुलगी राबली होती. ती मुलगी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून आणलेली, हे मेधानेच शोधून काढलेलं. डचांची वखार तिथे होती, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तिथून उचललेलं एक पोर थेट या कालव्यावर पोचलं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मेधाचं फार कौतुक झालं. एक जुलैला तिथे स्मरणखोली उघडायची होती.

"जेवताना तू तिच्याच गोष्टी सांगतेस," अंबरीश म्हणाला. "आर्या तिचाच खेळ खेळते आहे. दुर्लक्ष कर, जाईल."

पटण्यासारखं होतं. मेधाने पटवून घेतलं. पण एक गोष्ट तिला खुपत राहिली. मालकाच्या गाडीमागे धावायचं असतं, हे ती पोरीला कधी बोलली नव्हती.

३

रविवारी पुरणपोळी होती. सगळे बसले, आर्या बसेना. ती बापाच्या खुर्चीमागे उभी राहिली. हात पोटाशी जुळवलेले, नजर ताटांवर. कुणाचं वाढायचं राहिलंय हे बघावं तशी.

"ये ना गं, बस," अंबरीश म्हणाला. "काय वेटर-वेटर खेळतेस?"

ती हलली नाही. त्याच्या पेल्यातलं पाणी संपलं तसा तिने तो भरला. एक थेंब सांडला नाही. सगळ्यांचं झाल्यावर ताटं उचलली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसून उरलेली पोळी खाल्ली. घाईघाईने. कुणी काढून घेईल म्हणून खावी तशी.

दुपारी पोर दिसेना. वर नाही, बागेत नाही. शेवटी मेधाने जिन्याखालचं कपाट उघडलं. तिथे झाडू, बादल्या, जुने कोट. त्या सगळ्याच्या मागे आर्या गुडघे छातीशी घेऊन झोपली होती. कपाटाचं दार आतून ओढून घेतलेलं. उजेड पडताच धडपडून उठली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, मार चुकवायला हात वर गेलेला.

तिच्यावर या घरात कुणी कधी बोट उचललं नव्हतं.

मेधा तशीच सासूबाईंच्या खोलीत गेली. "आई, मी नसताना तुम्ही हिला काय शिकवता?"

"मी? काय शिकवणार? तिला माझं ऐकायचं असतं कुठे."

"ती वाढते, भांडी उचलते, खाली बसून उष्टं खाते. कपाटात झोपते. हे तिने कुठे पाहिलं? मी सांगितलं नाही, शाळेत होत नाही. घरात राहिलं कोण?"

उत्तराबाईंचं तोंड उतरलं. "म्हणजे माझ्या नातीला मी दासी करीन, असं वाटतं तुला?"

सासूबाई बोलता बोलता नजर चुकवतात, हे मेधाने तेव्हाच टिपलं. काहीतरी होतं. म्हातारी काहीतरी लपवत होती.

४

दुसऱ्या दिवशी मेधा कालव्यावरच्या घरात गेली.

ते घर मी तुम्हाला दाखवते. रस्त्यावरून पाहिलं तर ऐटदार, उंच खिडक्या, पांढरी कमान. पण पाच-सहा पायऱ्या उतरून खाली गेलं की स्वयंपाकघर. तिथल्या खिडक्या पाण्याच्या अंगाला. ऊन पाण्यावर पडून उलटं वर येतं आणि छतावर हलत राहतं. सगळी खोली पाण्याखाली आहे असं वाटतं. बाहेरून नावा जातात, पोरं हसतात, आणि आत ऐकू येतं ते सगळं कापडातून गाळल्यासारखं.

त्या खोलीच्या भिंतीत एक कपाट. कपाट कसलं, जुन्या काळचा पलंगच तो. तिकडे थंडीपायी भिंतीत कोनाडा करून, त्याला दारं लावून आत झोपायचे. वरच्या खणात स्वयंपाकीण झोपे. खालच्या खणात, वाकून शिरावं लागेल अशा जागी, ती मुलगी. खालच्या खणाचं दार म्हणजे एक बुटकी फळी. शेजारी पाटी लावलेली: इतकी इतकी वर्षं इथे एक मुलगी झोपत असे. नाव अज्ञात.

मेधाबरोबर काम करणारी म्युरिअल तिथे दिवे लावत होती. ही सुरीनामची, डचांच्या जुन्या वसाहतीतली. तिचेही पूर्वज असेच कधीतरी विकले गेलेले, त्यामुळे या कामात ती जीव ओतून असे.

"बरं झालं आलीस," म्युरिअल म्हणाली. "तो आवाज कुणी बसवला? मला आधी सांगायचं तरी."

"कसला आवाज?"

"खालच्या खणातला. लहान मुलीचा. कल्पना छान आहे, पण चूक आहे गं मोठी. ती डचमध्ये गुणगुणते. आणि काय गुणगुणते, तर पोहण्याच्या वर्गातलं, पाय आत, पाय बाहेर, पाय सरळ. माझ्या भाचीला शिकवतात ते. त्या काळच्या मुलीच्या तोंडी हे कसं चालेल?"

आर्याला नुकतंच पोहण्याचं पहिलं प्रमाणपत्र मिळालं होतं. आंघोळ करताना, जिना चढताना, ती हेच म्हणत असे. म्हणत असे, असं मेधाच्या मनात आलं. म्हणते असं नाही. गेल्या दोन आठवड्यांत तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"आम्ही आवाज बसवलेलाच नाही," ती म्हणाली.

म्युरिअल हसली. मग तिने मेधाचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "मग वरच्या मजल्यावरचं कुणी असेल. जुनी घरं, आवाज कुठून कुठे येतो." मग म्हणाली, "तू आत जे ठेवलंस, ते मी हलवलेलं नाही. आमच्यातही ठेवतात."

"मी काही ठेवलं नाही."

म्युरिअलने बुटकी फळी उघडून दिवा धरला. आतल्या लाकडावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. कोपऱ्यात थोडे उकडलेले हरभरे, सुकून खडे झालेले.

मेधाने त्यांना हात लावला नाही. कुंकू कुणाच्या बोटाचं, हे तिला विचारावं लागणार नव्हतं.

५

"हो, मीच केलं," उत्तराबाई म्हणाल्या. "चोरी थोडीच केली?"

त्या वांगी चिरत होत्या, हात थांबवला नाही. आर्या फरशीवर बसून लसूण सोलत होती. मेधाने तिला बागेत पाठवलं. ती एका शब्दाने गेली.

"केलं म्हणजे काय केलंत?"

"बारसं. त्या पोरीचं." आता मात्र त्यांनी सुरी खाली ठेवली. "दोन आठवड्यांमागे ते घर तू दाखवायला नेलंस ना, तेव्हा. तू वर पाहुण्यांशी बोलत होतीस. मी आणि आर्या खाली. मी आर्याला विचारलं, पाटीवर काय लिहिलंय? ती म्हणाली, नाव ठाऊक नाही. अगं, माझ्या वेंगुर्ल्याची पोर! त्या वखारीत आम्ही लहानपणी लपाछपी खेळलोय. तिथून हिला उचलून नेली, आणि तुम्ही एवढे शिकलेले, एवढं लिहिता तिच्यावर, आणि पाटीवर काय, तर नाव अज्ञात. म्हटलं, आपण तर नाव ठेवू शकतो."

"मग?"

"मग काय. कुंकवाचा करंडा पर्समध्ये असतोच. आर्याच्या डब्यात हरभरे होते, त्याच घुगऱ्या. पाळणा म्हणजे तो खण. फक्त वरवंटा नव्हता." मेधाला कळलं नाही असं वाटून त्या समजावू लागल्या. "बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात ना? गोविंद घ्या, गोपाळ घ्या करून? काहीतरी आत घालावं लागतं. रिकाम्या पाळण्यापुढे नाव कसं ठेवायचं? म्हणून आर्याला म्हटलं, बाळा, जरा आत आडवी हो."

"तुम्ही आर्याला आत घातलंत."

"घातलं म्हणजे काय, तिला मजाच वाटली. खिदळत होती. दार जरा पुढेमागे हलवलं, झोका दिल्यासारखं. मग वाकून नाव सांगितलं."

"आर्याच्या कानात?"

"आर्याच्या नाही गं, त्या पोरीच्या. पण कान तर कुणाचा तरी लागतो ना."

"कुठलं नाव?"

सासूबाईंनी सुरी परत उचलली. मेधाने पुन्हा विचारलं, तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "घरातलंच. कुणी वापरत नव्हतं ते."

मेधाला आठवलं. आर्या जन्मली युट्रेख्टला, बारसं झालं पुण्याला. आत्याने, संहिताने, उत्तराबाईंच्या आईचं नाव कानात सांगितलं, मंजुळा. पण पासपोर्टवर आर्या लागून गेलेलं. पाळण्यातलं नाव पाळण्यातच राहिलं. उत्तराबाईंना ते लागलं होतं, पण बोलल्या नव्हत्या.

"पडूनच होतं नाव," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एकीच्या नाही तर दुसरीच्या कामी येईल. नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, दार उघडलं आणि ती बाहेर आली."

"कोण?"

"आर्या," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांनी बाहेर बागेकडे बघितलं. पोर सांगितल्या जागी, भर उन्हात, हात पोटाशी धरून उभी होती. "आर्याच की."

पण त्यांचा आवाज निम्म्यात बसला.

६

मेधाने स्वतःला पुष्कळ समजावलं. मुलं नाटकी असतात. आजीने काहीतरी केलं, पोरीच्या मनावर बिंबलं, त्यातून हे सगळं. गुणगुणण्याचं म्हणाल तर म्युरिअलने कालव्यावरच्या नावेतलं ऐकलं असेल. प्रत्येक गोष्टीला एक एक कारण होतं. एवढी कारणं लागावीत, याचाच तिला संशय यायला लागला.

ती मागच्या दाराशी गेली. पोरीची पाठ तिच्याकडे. मेधा ओरडली नाही. नुसतं ओठांत म्हणावं तसं म्हणाली, "मंजुळा."

"ओ."

झर्रकन वळली, धावत आली, आणि समोर येऊन उभी राहिली, आता काय काम सांगता म्हणून. चेहरा आर्याचाच. हनुवटीवरचा तीळ आर्याचा. पण इतक्या जवळून पाहिल्यावर मेधाला वाटलं, कुणीतरी फार जपून, दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा तो चेहरा धरून ठेवला आहे.

"आर्या कुठे आहे?" मेधाने विचारलं. विचारताना तिची तिलाच लाज वाटली.

पोर खाली बघून बोलली. "थंय. माझ्या जाग्यार."

मागे उत्तराबाईंच्या हातातलं ताट पडलं. त्यांच्या आजीची बोली होती ती, किनाऱ्यावरची. या घरात ती कुणी बोलत नव्हतं. खुद्द उत्तराबाईही पुण्यात आल्यापासून विसरल्या होत्या.

तिथे. माझ्या जागेवर.

७

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कपाटाला काच बसवायची होती. जाड, संग्रहालयात असते तशी, कायमची. एकदा बसली की खणाच्या दाराला कुणाचा हात लागणार नव्हता. काचवाले जेवायला गेले, तेव्हा मेधा सासूबाईंना आणि पोरीला घेऊन खाली उतरली. म्युरिअलने काही विचारलं नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिली, कुणी खाली येऊ नये म्हणून.

वर दिवाणखान्यात भाषणाची तालीम चाललेली. पालिकेच्या कुणी बाई माइकवर माफीचं भाषण वाचत होत्या, आणि आवाजवाला त्यांना सारखं थांबवत होता. त्या भाषणातलं एक वाक्य मेधाचं होतं. 'आज आम्ही हे दार उघडतो आहोत.' माइक खरखरे, पुन्हा तेच वाक्य. पुन्हा खरखर. पुन्हा तेच.

मेधा बुटक्या फळीपाशी गुडघ्यांवर बसली. छतावर पाण्याचं ऊन हलत होतं. "आर्या," ती म्हणाली.

शेजारी उभी पोर हलली नाही.

फळीच्या आतून, अगदी जवळून, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला. "या, मामा?"

मेधाने फळी ओढून उघडली. आत नुसतं लाकूड. हात घालून चाचपलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. लाकूड थंड होतं, फक्त मधली जागा कोमट.

"दोघींना आण," सासूबाई पुटपुटत होत्या. "मेधा, दोघींना आण गं. दोघींना सांभाळू आपण. मी सांभाळीन." त्यांनी घरून बत्ता आणला होता, आर्याच्या तान्हेपणीच्या दुपट्यात गुंडाळून. वरवंटा नाही तर बत्ता. तो त्यांनी आत ठेवला, फळी लोटली, मागे-पुढे हलवली, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हटलं. मग उघडलं.

आत बत्ता होता. नुसता बत्ता.

"नाव परत घ्या," मेधा म्हणाली. "काहीतरी विधी असेल ना? काढून घ्यायचा?"

"नाव द्यायचा आहे," उत्तराबाई रडत म्हणाल्या. "काढून घ्यायचा नाही. असं कुणी करतं का?"

वर बाईंनी पुन्हा वाक्य म्हटलं. आवाजवाला म्हणाला, छान, आता जरा सावकाश. दारावर काचवाल्यांचे आवाज यायला लागले. म्युरिअल त्यांना काहीतरी सांगून थोपवत होती.

आणि आतून पुन्हा, जरा घाबरलेलं, "मामा?"

मेधाने शेजारच्या पोरीकडे पाहिलं. पोर आधीपासून तिच्याकडेच बघत होती. तिला सगळं कळलेलं होतं. रडत नव्हती, हात सोडवून पळत नव्हती. फक्त वाट बघत होती, मोठी माणसं सांगतील त्याची. मेधाने तिच्या शोधात तीन वर्षं काढली होती. तिच्यासाठी भांडली होती. लोकांपुढे बोलताना तिचा आवाज भरून येई. तिला वाटत होतं, आपण या मुलीला ओळखतो.

उत्तराबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

"मंजुळा," मेधा म्हणाली. आवाज तिला हवा तसा निघाला नाही. तो बाईसाहेबांचा निघाला. "आत जा."

"ओ," पोर म्हणाली.

तिने आधी बूट काढले. आर्याचे बूट, लाल पट्ट्यांचे. ते खणापुढे नीट जोडीने ठेवले, टाचा आत आणि तोंडं बाहेर, म्हणजे जी बाहेर येईल तिला पटकन घालता येतील. दुपट्यातला बत्ता उचलून बाजूला ठेवला. मग वाकली आणि आत गेली, उजेडाकडे पाठ करून. मेधा तिच्या पाठीकडे बघत राहिली. तेवढ्यात त्या काळोखात तिला एका ऐवजी दोन पाठी दिसल्या, एकमेकींना लागून, एक आत सरकणारी आणि एक वळणारी. मेधाने डोळे मिटले. ते मिटायला नको होते, असं तिला नंतर जन्मभर वाटलं.

तिच्या हाताला एक घामट, रागावलेला हात लागला.

"मामा, किती वेळ लावलास," आर्या डचमध्ये म्हणाली. "आजीचा हा खेळ अजिबात छान नाही. मला भूक लागली." आणि बुटांत पाय घालून पट्टे लावायला बसली.

उत्तराबाईंनी तिला ओढून छातीशी धरलं. पायऱ्यांवर काचवाल्यांच्या बुटांचे आवाज उतरू लागले.

आता फळी लावायची राहिली होती. मेधाने आत पाहिलं नाही. तळहात फळीवर ठेवला आणि लोटली, पण पुरती नाही. बोटभर फट ठेवली आणि तिथेच हात धरून थांबली. तिला वाटलं, आतून कुणीतरी ढकलेल. कितीही लहान असलं, कितीही सवयीचं असलं, तरी एकदा तरी ढकलेल. नखाने का होईना. मग आपण दार उघडू. काहीही होवो, पण उघडू.

काचवाला तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने अदबीने विचारलं, "झालं का, बाई?"

आतून कुणीही ढकललं नाही.